मम म्हणा, रीळ फिरवा

"बाबा, मेअखेरीला आपण ट्रोलिंगला जायचंय, बोट ठरवलीय," असं जावयाने फोनवर सांगितलं तेव्हा मी जरा घाबरलो. मला माहीत असलेलं ट्रोलिंग एकच. आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दुसऱ्या मजल्यावरचे निवृत्त इंजिनिअर रोज सकाळी पाण्याच्या टाकीबद्दल एक वाक्य सोडतात आणि चहाचा कप घेऊन, कोण चावतंय ते बघत बसतात. समुद्रातलं ट्रोलिंगही नेमकं हेच असतं, हे मला पुढे कळलं. बोट संथपणे चालत राहते, मागे दोऱ्यांना लावलेली आमिषं फरफटत येत राहतात आणि आपण कोण चावतंय ते बघत बसतो. टाकीच्या जागी मेलेला मासा, एवढाच फरक.

जावई नॉर्थ कॅरोलायनात कॅरी नावाच्या गावी राहतो. तिथून साडेतीन-चार तास पूर्वेकडे गाडी हाकली की जमीन संपते, मग पूल लागतात आणि पुलांपलीकडे आउटर बँक्स नावाची वाळूची चिंचोळी पट्टी अटलांटिकमध्ये आडवी पडलेली दिसते. वसंत सरत आला की या पट्टीपासून पस्तीस-चाळीस मैल आत, गल्फ स्ट्रीमच्या कोमट पाण्यातून माही-माहीचे थवे उत्तरेकडे सरकू लागतात आणि धक्क्यावरच्या बोटी त्यांच्या मागे लागतात. मे-जून हा ऐन हंगाम. आपल्याकडे त्याच सुमारास १ जूनपासूनची मासेमारीबंदी तोंडावर आलेली असते आणि माहीमच्या घराघरांत सुकटाचे डबे उन्हाला लागतात. म्हणजे ज्या दिवसांत आयुष्यभर मी मासा परवडत नाही म्हणून वांगं खाल्लं, त्या दिवसांत इथे मासाच मासा.

आणि मासा तरी कोणता, तर माही-माही. मी माहीमचा. जन्म माहीमचा, मुंज माहीमची, बँकेत चिकटलो तेही माहीमच्याच शाखेत. नाव ऐकून मला वाटलं, आपल्यातलंच कोणीतरी भेटायला येतंय. जावयाने खुलासा केला की शब्द हवाई बेटांवरचा आहे. तिकडच्या भाषेत 'माही' म्हणजे बळकट आणि दोनदा म्हटलं की चांगलाच बळकट. आपण भजी गरमगरम म्हणतो, तसं. फारसीत मात्र माही म्हणजे मासाच. मोगल बादशहा मर्जीतल्या सरदाराला माहीमरातब द्यायचा, म्हणजे मिरवायला काठीवर बसवलेलं माशाचं निशाण. त्या दरबारचा एखादा मुनशी आज अमेरिकेतल्या हॉटेलात आला आणि त्याने मेन्यूवर 'मासा-मासा' वाचलं, तर लिहिणाऱ्याला झोप आली होती असंच तो समजेल.

खरा गोंधळ पुढेच होता. आउटर बँक्सच्या धक्क्यावर या माशाला माही-माही कोणी म्हणतच नाही. ते म्हणतात डॉल्फिन. हे कळल्यावर आमच्या सौभाग्यवतींनी पोळपाट बाजूला ठेवला. "तारकर्लीला होडीवाल्याला पैसे देऊन आपण डॉल्फिन बघायला गेलो होतो. तिथे हात जोडलेत तुम्ही त्याला. आणि आता मारायला निघालात?" तो डॉल्फिन वेगळा, सस्तन, हा मासा, याला खवले आहेत, हा अंडी घालतो, अशी बाजू जावयाने पंधरा मिनिटं लढवली. अमेरिकेतल्या गिऱ्हाइकांनीही हॉटेलांत असंच तोंड वाकडं केलं, म्हणून तर मेन्यूवर हवाईचं नाव आलं. नाव बदललं की पाप धुऊन निघतं, हे हॉटेलवाल्यांना आणि राजकीय पक्षांना सगळ्या जगात कळलेलं आहे.

बोटीवर सहा गिऱ्हाइकं घेतात. जावई, मी, जावयाचे दोन मित्र, एक नागपूरचा आणि एक कोल्हापूरचा, आणि ऑफिसातले दोन तेलुगू भाऊ. दिवसाचं भाडं २४०० डॉलर. शिवाय खलाश्याला, तिथे त्याला मेट म्हणतात, वीस टक्के टिप. माणशी ४८० डॉलर. आता डॉलरचे रुपये करू नयेत, असं लेकीने विमानतळावरच बजावलं होतं. पण चाळीस वर्षं ज्याने बँकेत लेजर जुळवलं त्याला ते सांगणं म्हणजे मांजराला दुधावरून नजर काढ म्हणण्यासारखं आहे. आकडा चाळीस हजारांच्या वर गेला. एवढ्यात गोपी टँक मार्केटातली आमची मावशी मला दोन वर्षं पापलेट घरी आणून देईल, वर साफ करून देईल आणि वहिनींची तब्येत विचारेल.

सरकारी नियमही मी वाचून काढले. माही-माही माणशी दहा पकडता येतात. पण अख्ख्या बोटीवर मिळून ५४. आता सहा दाहे साठ. चोपन्न होतात ते सहा नवे. म्हणजे माणशी नऊच की! मग दहा लिहायचे कशाला? ही हिशेबातली चूक मी जावयाच्या नजरेस आणली. तो फार सौम्यपणे म्हणाला, "बाबा, आधी एक तर लागू दे."

बोटीवाल्याकडून एक सूचनापत्र आलं होतं. मऊ तळाचे बूट, उन्हाचं मलम, उलटीची गोळी आदल्या रात्रीच. आणि शेवटी ठळक अक्षरांत: केळी आणू नयेत. मला वाटलं, साल घसरायला नको म्हणून असेल. तसं नव्हतं. बोटीवर केळं आलं की मासा लागत नाही, अशी तिथल्या दर्यावर्दी लोकांची पक्की श्रद्धा. कोणी म्हणतात, केळी नेणारी जहाजं माल पिकायच्या आत पोचायला एवढी पळायची की त्यांवरच्या लोकांच्या गळाला मासा लागायला वेळच मिळायचा नाही. कोणी म्हणतात, घडांमधून विषारी कोळी बोटीवर यायचे. हे दुसरं कारण मी माहीमला कोणाला सांगितलेलं नाही. आमच्याकडे बोटीवर कोळी नसेल तर मासा मिळत नाही.

सूचनापत्र मी मोठ्याने वाचून दाखवलं. सगळे हसले. आणि त्याच रात्री सौभाग्यवतींनी माझ्या पिशवीत आलेपाक, लिंबाचं लोणचं, दशम्या आणि माहीमहून आणलेलं एक पुडकं भरलं. त्या पुडक्याकडे कोणी नीट पाहिलं नाही. मीही नाही.

पहाटे पावणेपाचला आम्ही ऑरेगॉन इन्लेटच्या धक्क्यावर होतो. इन्लेट म्हणजे वाळूच्या पट्टीला पडलेलं खिंडार. १८४६च्या वादळात समुद्राने ते पाडलं आणि त्यातून गेलेल्या ऑरेगॉन नावाच्या जहाजाचं नाव त्याला मिळालं. तेव्हापासून तिथली वाळू एका जागी बसायला तयार नाही. काल जिथे खोल पाणी होतं तिथे आज टेकाड, सरकार गाळ काढतंय आणि समुद्र पुन्हा भरतोय. मुंबईच्या माणसाला या कामात परकं काही वाटत नाही.

खिंडार ओलांडताना बोट अशी आपटली की नागपूरकर, जो तोवर "समुद्र म्हणजे काय, मोठा अंबाझरी तलाव" असं म्हणत होता, तो गप्प झाला. दहाव्या मिनिटाला त्याने बर्फाच्या पेटीला मिठी मारली आणि ती दुपारपर्यंत सोडली नाही. मध्ये तीनदा तो कठड्याशी जाऊन आला. मेट त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, छान, माशांना चारा टाकतोयस. मी आलेपाकाची वडी पुढे केली. ती त्याने घेतली आणि दोन मिनिटांत माशांना दिली.

कप्तान वर माडीवर बसलेला. दिवसभरात आम्हाला त्याचे फक्त बूट दिसले आणि आवाज ऐकू आला. खाली आमच्यात वावरत होता तो मेट, बाविशीतला उन्हाने विटक्या केसांचा पोरगा. गल्फ स्ट्रीमपर्यंत पोचायला दोन तास लागतात, त्या दोन तासांत त्याने जे केलं ते पाहताना मला सारखं वाटत राहिलं की हे मी कुठेतरी पाहिलंय. त्याने एका डब्यातून लांब चोचीचे, वीतभर लांबीचे बॅलीहू मासे काढले, मिठात मुरवलेले. एकेकाच्या पोटातून गळ घातला, तांब्याच्या तारेने चोच बांधली, डोक्यावर गुलाबी, निळ्या, पिवळ्या झिरमिळ्यांचं बाशिंग चढवलं आणि सगळे एका ताटात ओळीने मांडले. मग हात धुतले. मग दुसरं ताट घेतलं.

आणि लक्षात आलं. सत्यनारायण!

सगळं तेच होतं. पूजेची मांडामांड गुरुजी करणार, कलश ते भरणार, सुपारीचा गणपती ते बसवणार, मंत्र ते म्हणणार. यजमानाने सोवळं नेसून पाटावर बसायचं आणि सांगतील तेव्हा पळीभर पाणी ताम्हनात सोडून 'मम' म्हणायचं. पुण्य यजमानाचं, कारण पैसे यजमानाचे. बोटीच्या मागच्या बाजूला पाय रोवायला पट्टी असलेली एक भक्कम खुर्ची होती, तो पाट. माडीवर मुख्य गुरुजी. खाली त्यांचा शिष्य. समिधा, म्हणजे बॅलीहू, तयार. दक्षिणा ठरलेली. फरक एकच, आपल्या सत्यनारायणाला चौरंगाच्या चारी बाजूंना केळीचे खुंट लागतात आणि प्रसादात केळं नसेल तर गुरुजी नाक मुरडतात. इथे केळ्याने पूजा भ्रष्ट होते.

गल्फ स्ट्रीम ओळखू येतो. हिरवट पाणी एका रेषेवर संपतं आणि शाईच्या दौतीत बोट बुडवावं असं निळं पाणी सुरू होतं. हवासुद्धा ओलसर, ऊबदार होते. या प्रवाहाचा पहिला छापील नकाशा करवला बेंजामिन फ्रँकलिनने. तो तेव्हा अमेरिकी वसाहतींतल्या टपालखात्याचा अधिकारी. तक्रार अशी की इंग्लंडहून टपाल आणणाऱ्या बोटींना मालवाहू जहाजांपेक्षा दोन दोन आठवडे जास्त का लागतात? त्याच्या नात्यातला टिमोथी फोल्जर नावाचा कप्तान देवमाशांच्या शिकारीतला होता. त्याने सांगितलं, टपालबोटी या प्रवाहाच्या उलट्या दिशेने झगडत बसतात. आम्ही त्यांना कितीदा सांगितलं, बाजूला व्हा. पण आमच्यासारख्या मच्छीमारांचा सल्ला घ्यायला ते साहेब फार शहाणे. हे वाचलं तेव्हा मला आमचा रीजनल मॅनेजर आठवला होता. त्याला शिपायाने सांगितलं होतं की लिफ्ट बंद आहे.

बोट मंदावली, दोन्ही बाजूंना लांबच लांब काठ्या पंखांसारख्या पसरल्या आणि मेटने एकेक आमिष पाण्यात सोडलं. दोन जवळ, चार मधल्या पट्ट्यात काठ्यांच्या आधाराने, एक पार मागे, तिथवर नजर पोचत नाही. वेग ताशी सहा सागरी मैल, म्हणजे दादरच्या टिळक पुलावर सायंकाळी टॅक्सीचा असतो त्याहून थोडा जास्त. बाशिंगवाले बॅलीहू लाटांवर उड्या मारू लागले. आम्ही सहाही जण हाताची घडी घालून बघू लागलो.

आणि काही झालं नाही.

इथे विनोदी लेखकाने काहीतरी घडवावं अशी अपेक्षा असते. पण खरोखरच काही झालं नाही. सव्वा तास. कप्तानाने सारगॅसमच्या पट्ट्या शोधल्या. हे पिवळं तपकिरी शेवाळ वाटाण्याएवढ्या हवेच्या फुग्यांवर तरंगतं, आणि वारा नि प्रवाह मिळून त्याची मैलोन्‌मैल लांब ओळ लावतात. भर समुद्रात सावली एवढीच. म्हणून खाली बारके मासे, खेकडे, झिंगे आणि त्यांना खायला माही-माही. गावच्या पारासारखं. आम्ही त्या पाराच्या कडेकडेने वरातीसारखे चाललो होतो आणि दर पाच मिनिटांनी गळाला शेवाळ लागत होतं. मेट दोरी ओढायचा, शेवाळ काढायचा, दोरी सोडायचा. दोनदा उडणारे मासे पाण्यातून फर्रकन निघून पन्नास-साठ फूट तरंगत गेले, ते बघून कोल्हापूरकर म्हणाला, "काका, ह्यो पाण्यात राहतो का वर?" तेवढंच मनोरंजन.

मला भूक लागली. पिशवीत हात घातला, सौभाग्यवतींचं पुडकं काढलं, दोन वेफर्स तोंडात टाकले. कुरकुरीत, मिरपूड लावलेले, अप्रतिम. तिसरा तोंडापाशी नेला आणि हात तिथेच थांबला.

केळ्याचे वेफर्स!

माझ्या कपाळावर घाम आला. सहा माणसांचे २४०० डॉलर, वर टिप, जावयाची इज्जत, नागपूरकराची आतडी, आणि या सगळ्यावर पाणी फिरवणारा पापी मी. मेट माझ्याकडेच बघत होता. "काय खाताय?" त्याने विचारलं. आयुष्यात मी ऑडिटरशी खोटं बोललो नाही, पण त्या क्षणी माझ्या तोंडून निघालं, "पोटॅटो." त्याला चव घ्यायची होती. मी पुडकं खिशात कोंबलं आणि खोकलो.

पुढची दहा मिनिटं मी जे केलं ते आजवर जावयाला सांगितलेलं नाही. मी माणसांच्या मागे जाऊन, समुद्राकडे तोंड करून, ते पुडकं संपवायला लागलो. पुरावा नष्ट करायचा सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे खाणं, हे आमच्या खात्यातल्या काही लोकांनी चांगलं सिद्ध केलेलं आहे. पण पाव किलो होते. अर्ध्यावर माझा धीर सुटला. मग मी नारळी पौर्णिमेला कोळी बांधव सोन्याचा नारळ सोडतात तसे दोन्ही हात पुढे केले, मनात म्हटलं, दर्याराजा, चूक झाली, सांभाळून घे, आणि उरलेले वेफर्स अटलांटिकला वाहिले. प्लॅस्टिकचं पुडकं मात्र घडी घालून खिशातच ठेवलं. अंधश्रद्धा वेगळी आणि नागरिकशास्त्र वेगळं.

मी मागे वळलो आणि पार मागच्या दोरीचं रीळ किंचाळलं.

माझा केळ्यावर विश्वास नाही. मी बँकेतला माणूस आहे. फक्त जे घडलं ते सांगतोय.

"कोणाचा नंबर?" वरून बुटांनी विचारलं. "काकांचा!" असं सगळे ओरडले, कारण वयाने मी मोठा आणि बहुधा कोणालाच पहिल्या फेरीची जबाबदारी नको होती. मला पाटावर बसवण्यात आलं. मेटने काठी, रीळ, दोरी, पट्टा सगळं जागच्या जागी बसवलं, दोरीचा ताण जुळवला, माझा उजवा हात उचलून मुठीवर ठेवला आणि म्हणाला, "क्रँक!"

मम.

मी फिरवलं. तो म्हणाला, थांबा. मी थांबलो. मासा दोरी घेऊन पळाला, मी कमावलेलं सगळं दहा सेकंदांत परत गेलं. क्रँक! मम. काठी वर! मम. काठी खाली घेता घेता फिरवा! मम, मम. मध्येच दूर लाटेतून तो उसळला आणि बोटीवर सगळे एकदम ओरडले. दसऱ्याला झेंडूचं तोरण बांधलेला निळा टेम्पो पाण्यातून वर यावा, असं ते दिसलं. पिवळंजर्द अंग, हिरवी-निळी पाठ, वर निळा लांबलचक पंख. डोकं असं उभं, चपटं, जणू भिंतीवर आपटून सपाट केलेलं. नर आहे, असं मेट म्हणाला. मादीचं कपाळ गोल असतं. नराला तिथे बैल म्हणतात.

पंधरा मिनिटं ती ओढाताण चालली. माझे दंड भरून आले. बैल जवळ आल्यावर मेटने वाकून आकडीच्या काठीने त्याला एका झटक्यात बोटीत घेतला. दहा किलोच्या आसपास. हा मासा जन्मल्यापासून घाईत असतो. चार-पाच महिन्यांत वयात येतो, वर्षाचा होईतो मीटरभर वाढू शकतो, फार तर चार-पाच वर्षं जगतो आणि बहुतेक त्याआधीच कोणाच्या तरी पोटात जातो. माझ्या बैलाचं वय माझ्या चष्म्याहून कमी असणार.

मग त्याचा रंग गेला. मला याबद्दल कोणी आधी सांगितलं नव्हतं. आधी अंगावरून निळे ठिपके धावले, मग पिवळं फिकटलं, पुन्हा एकदा चमकलं, आणि बघता बघता तो राखाडी झाला. रंगाच्या त्या पेशी मज्जातंतूंच्या हुकमाने उघडमीट करतात म्हणे. हुकूम देणारा गेला की रंगही जातो. कोल्हापूरकर फोटो काढायला फोन उघडेपर्यंत टेम्पो गेला होता, नुसता मासा उरला होता. मेटने त्याला पेटीतल्या बर्फात घातलं. हा मासा उन्हात राहिला तर अंगावर गांधी उठवतो, म्हणून बर्फाला उशीर चालत नाही. पेटीसाठी नागपूरकराला उठावं लागलं. "काका, अभिनंदन," तो क्षीण आवाजात म्हणाला आणि पुन्हा बसला.

त्यानंतर थवा लागला, बारके, दोन-तीन किलोंचे. आता गंमत अशी की एक मासा गळाला लागला की त्याला बोटीत घ्यायचा नाही. पाण्यातच लोंबकळत ठेवायचा. मग बाकीचे थव्याने त्याच्याभोवती येतात, याला काय मिळालं म्हणून बघायला. मी आयुष्यात दोन भिशी प्रकरणं जवळून पाहिली आहेत. सोसायटीतल्या एकाला आधी व्याज देतात, तो पेढे वाटतो आणि मग सगळी इमारत रांग लावते. मेटने माशाचे तुकडे फेकले, आम्ही पाच जणांनी हातात हलक्या काठ्या घेतल्या, आणि वीस मिनिटं बोटीवर लग्नातल्या पंगतीसारखा आरडाओरडा झाला. धाकटा तेलुगू भाऊ मोठ्याच्या दोरीत अडकला. जावयाने एक पकडून दुसरा सुटू दिला. मेट एकटा सगळ्यांचे गळ काढत, आमिष लावत, दोऱ्या सोडवत फिरत होता आणि आम्ही प्रत्येक जण "मी पकडला, मी पकडला" असं ओरडत होतो.

हे मला खरोखर नवल वाटलं. मासा शोधला कप्तानाने, बाशिंग बांधलं मेटने, ओढलं बोटीने, आकडी मारली मेटने. आम्ही मूठ फिरवली. आणि संध्याकाळी सातासमुद्रापार सगळ्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर फोटो गेले, प्रत्येकात एकेक यजमान मासा छातीशी धरून उभा, आणि कुठल्याही फोटोत गुरुजी नाहीत. आमच्या सोसायटीच्या इंजिनिअरनी लगेच विचारलं, "हे विकत घेतलेत का?" मी चावलो नाही.

एकूण एकोणीस झाले. चोपन्नचं कलम उपयोगात आलंच नाही. माझा हिशेब मनातल्या मनात चालूच होता. माशी दीडशे डॉलरच्या वर. बोट चार वाजता धक्क्याला लागली. लेक, नातू आणि सौभाग्यवती तिकडे किल डेव्हिल हिल्सला राइट बंधूंचं स्मारक बघून आल्या होत्या. १७ डिसेंबर १९०३ला विमानाने घेतलेली ती पहिली झेप, १२ सेकंद, १२० फूट. नातू म्हणाला, "आजोबा, ते १२ सेकंदांत फेमस झाले. तू किती वेळ होतास?" मी म्हटलं, अकरा तास.

धक्क्यावर मासे साफ करून देणारे असतात, पौंडामागे पैसे घेतात. मोठं टेबल, रबरी नळी, पातळ लांब सुरी. आमच्या मावशीचा वेग मी जाणतो, पण हा माणूसही कमी नव्हता. दोन चिरा, एक ओढ, की लांबच लांब गुलाबी तुकडा पिशवीत. सांगाडा बाजूला. डोकं बाजूला. मी जवळ जाऊन बघतो तर माझ्या बैलाचं डोकं, मीटरभर माशाचं ते सपाट भलंमोठं कपाळ, टोपलीत कचऱ्याच्या बाजूला पडलेलं.

"अहो, डोकं टाकलं त्याने!" सौभाग्यवतींचा आवाज धक्क्याच्या दुसऱ्या टोकाला गेला. डॉल्फिन-बिल्फिन सगळं त्या विसरल्या होत्या. जावई खाली बघू लागला. मी त्या माणसाकडे गेलो आणि डोकी मागितली. त्याने सुरी थांबवून माझ्याकडे पाहिलं. कशाला? म्हटलं, सूप. किती? म्हटलं, सगळी. त्याने पैसे घेतले नाहीत. उलट मला वाटतं, त्याला माझी दया आली. ४८० डॉलर घालवून जो माणूस कचरा मागतो त्याच्या घरची परिस्थिती काय असेल!

भाड्याच्या घराच्या सुबक अमेरिकी स्वयंपाकघरात त्या संध्याकाळी एका पातेल्यात ते डोकं काही मावेना. अखेर जावयाने बार्बेक्यूची कुऱ्हाडीसारखी सुरी आणून त्याचे चार तुकडे केले. गोठवलेलं किसलेलं खोबरं, बेडगी मिरची, धणे, हळद आणि माहीमहून आणलेली आमसुलं. वास सुटला तसा नागपूरकर कोचावरून उठून बसला, सकाळपासून पहिल्यांदा त्याच्या चेहऱ्यावर रंग आला. सौभाग्यवतींनी चमच्याने रस चाखला. "बरं आहे," त्या म्हणाल्या. "पापलेट नाही, पण बरं आहे."

मी ओट्याला टेकून उभा होतो, पकडणाऱ्या माणसाने उभं राहावं तसा. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि वाटी पुढे केली.

"अहो, ही आमसुलं तेवढी तुमच्या हाताने सोडा. उद्या सांगत सुटणारच आहात ना सगळ्यांना, आम्ही कालवण केलं म्हणून."

मी चार आमसुलं उचलली, पातेल्यात सोडली आणि म्हटलं, "मम."